फोटोवर छापलेली वेळ आणि फोटोत नोंदलेली वेळ

पावसाळा सुरू झाला की गोव्यातल्या आमच्या फोंडा तालुक्यातल्या गावांत एक मागणी वारंवार कानावर येऊ लागते. खाजनाचा, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेताचा, बांध फुटलेला असो, माड कौलांवर कोसळलेला असो किंवा डोंगर कापून लाल माती शेतात ढकललेली असो, अर्जासोबत छायाचित्रे जोडा आणि त्यांवर तारीख-वेळ दिसू द्या, असे सांगितले जाते. आमच्या वाड्यावरचे एक वयस्क शेतकरी, ज्यांना सगळेच आबा म्हणतात, असेच फोटोंचे छापील कागद घेऊन एका कार्यालयात गेले, तेव्हा समोरच्या कारकुनाने ते उलटसुलट करून पाहिले आणि "हातूंत तारीख खंय आसा?" (यात तारीख कुठे आहे?) एवढेच विचारून परत केले. फोटो स्वच्छ होते, पाणी बांधाच्या कोणत्या भागातून आत शिरले ते स्पष्ट दिसत होते आणि तारीखही त्या फोटोंच्या फाइलमध्ये होतीच; ती कागदावर उमटलेली नव्हती, इतकेच.

आबांच्या नातवाने मला विचारले, "काका, काढलेल्या फोटोंवर आता तारीख घालता येते, की पुन्हा जाऊन काढायचे?" पुन्हा काढण्यात अर्थ नव्हता, कारण पाणी केव्हाच ओसरले होते. घालता येते, हे उत्तर सोपे आहे. पण ती तारीख कुठून घ्यायची, कशी घालायची आणि घातल्यानंतर तिला किती वजन द्यायचे, हे सांगायला वेळ लागतो. म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

मोबाइलने टिपलेल्या फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबर माहितीचा एक न दिसणारा भाग असतो. त्याला एक्झिफ म्हणतात. जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९९५ साली हा आराखडा ठरवला आणि पुढे डिजिटल कॅमेऱ्यांपासून आजच्या स्मार्टफोनपर्यंत सर्वांनी तो स्वीकारला. कॅमेऱ्याचे नाव, शटरचा वेग, प्रकाशसंवेदनशीलता यांच्या जोडीने त्यात वेळेच्या तीन नोंदी असतात: दृश्य प्रत्यक्ष टिपल्याची वेळ, त्याचे डिजिटल चित्र झाल्याची वेळ आणि फाइल शेवटची बदलल्याची वेळ. मोबाइलवर पहिल्या दोन्ही सारख्याच असतात. लग्नातला जुना कागदी फोटो स्कॅन केला, तर मात्र त्या वेगळ्या असायला हव्यात. लग्न १९८२ चे आणि स्कॅन आजचा. तिसरी नोंद फोटो कापला किंवा उजळला की बदलू शकते. फोटोवर नंतर तारीख छापणारे ॲप यांतली कोणती नोंद उचलते हे म्हणूनच आधी तपासले पाहिजे, कारण काही ॲप सरळ छापतानाची वेळ छापून मोकळी होतात, आणि मग मंगळवारी फुटलेला बांध शुक्रवारी फुटल्याचे दिसते.

या आराखड्यात एक उणीव बराच काळ राहून गेली होती. तारीख आणि वेळ नोंदली जाई, पण ते घड्याळ कोणत्या प्रदेशाचे, हे लिहिण्याची सोयच नव्हती; ती २०१६ च्या आवृत्तीत आली. दुबईहून चतुर्थीला घरी आलेल्या भावाच्या कॅमेऱ्याचे घड्याळ तिथलेच राहिले असेल, तर त्याने काढलेले माटोळीचे, म्हणजे गणपतीवर बांधलेल्या फळा-फुलांच्या छताचे, फोटो आपल्या मोबाइलवरच्या फोटोंपेक्षा दीड तास मागे पडतात आणि दोन्ही एकत्र केले की आरती आधी आणि मूर्ती नंतर असा क्रम लागतो. मोबाइल ही चूक सहसा करत नाही, कारण तो नेटवर्ककडून वेळ घेतो. व्हिडिओंची तऱ्हा मात्र निराळी आहे. एमपी४ प्रकारच्या फाइलमध्ये वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहायची असते, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेच्या साडेपाच तास मागे. बरीच ॲप ती नीट वळवून घेतात, काही घेत नाहीत. फोटोत सकाळचे अकरा आणि त्याच क्षणाच्या व्हिडिओत पहाटेचे साडेपाच दिसले, तर कोणी लबाडी केली असे लगेच समजू नये.

जीपीएसची वेळही फाइलमध्ये वेगळ्या रकान्यात नोंदलेली असू शकते आणि तीसुद्धा जागतिक प्रमाणवेळेतच असते. त्यामुळे पहाटे साडेपाचच्या आधी काढलेल्या प्रत्येक फोटोत जीपीएसची तारीख आदल्या दिवसाची येते. आमच्याकडे ही बाब किरकोळ नाही. जत्रांमध्ये दशावतारी नाटक उत्तररात्री रंगात येते आणि पालखी कधीकधी उजाडता उजाडता परतते. त्यात पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो आणि मोबाइलचा दिवस मध्यरात्रीच संपतो. पहाटे तीनच्या फोटोला देवस्थानच्या वहीत एक दिवस, मोबाइलवर दुसरा आणि जीपीएसच्या रकान्यात पुन्हा पहिला, असे घडू शकते. देवस्थानांच्या समित्या हल्ली उत्सवाचे फोटो संगणकावर साठवतात. त्यांनी फोल्डरला तिथी आणि इंग्रजी तारीख अशी दोन्ही नावे दिली, तर पुढच्या पिढीचा घोळ टळेल.

कधीकधी मोबाइलवरचा एखादा फोटो १ जानेवारी १९७० या तारखेखाली, नेमक्या पहाटे साडेपाचच्या वेळी जाऊन बसलेला आढळतो. त्याचे कारण असे, की अँड्रॉइडसारख्या प्रणाली वेळ मोजताना १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासूनचे सेकंद मोजतात. ती मध्यरात्र जागतिक प्रमाणवेळेची. फाइलमधली वेळ पुसली गेली, की शून्य सेकंद उरतात आणि शून्य म्हणजे आपल्याकडची पहाट. काही व्हिडिओ १९०४ सालचे दिसतात, तिथे मोजणीचा आरंभ १९०४ असतो, एवढाच फरक. अशा तारखा दिसल्या तर ती चुकीची वेळ नव्हे, वेळेचा अभाव आहे असे समजावे, आणि त्यावर तारीख छापण्याच्या फंदात पडू नये.

आता तारीख दिसेल अशी छापण्याविषयी. फोटो काढतानाच ती छापायची, की मूळ फोटो तसाच ठेवून नंतर प्रतीवर छापायची, असे दोन मार्ग आहेत आणि माझे मत दुसऱ्याच्या बाजूने आहे. पण पहिलाच मार्ग लोकांना ठाऊक असतो, म्हणून आधी त्याचे सांगतो. शाओमी, रिअलमी, ओप्पो, विवो यांच्या बहुतेक मोबाइलमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये वॉटरमार्क नावाचा पर्याय असतो आणि त्यात तारीख-वेळ चालू करता येते. सॅमसंगच्याही बऱ्याच मॉडेलमध्ये तो याच नावाने मिळतो. मोबाइलच्या मॉडेलचे नाव छापण्याचा पर्याय त्याच ठिकाणी असतो आणि तो अनेकदा आधीपासूनच चालू असतो. तक्रारीच्या फोटोवर कंपनीची जाहिरात कशाला, म्हणून तो बंद करावा. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात तारीख छापण्याची सोय नाही. तिथे फोटो उघडून वर सरकवला, की खाली तारीख, वेळ आणि ठिकाण दिसते, आणि आयओएस १५ पासून ही माहिती अधिक तपशीलवार दिसते. तिथेच तारीख बदलण्याचेही बटण आहे, ही गोष्ट पुढच्या चर्चेसाठी लक्षात ठेवावी.

कॅमेऱ्यात सोय नसली, की लोक ॲपकडे वळतात. पंचायतीच्या कामाचे ठेकेदार, विम्याचे सर्वेक्षक, बँकेचे प्रतिनिधी यांच्या फोटोंखाली नकाशाचा छोटा चौकोन, पत्ता आणि अक्षांश-रेखांश असलेली काळी पट्टी दिसते, ती जीपीएस मॅप कॅमेरा किंवा त्याच्यासारख्या एखाद्या ॲपची. ती पट्टी रुबाबदार दिसते, कचेरीत चालतेही. पण ती फोटोचा खालचा मोठा भाग खाऊन टाकते, आणि शेतीच्या फोटोत नेमका खालचा भागच, म्हणजे पाण्याची पातळी, रोपांची मुळे, बांधाचा पाया, महत्त्वाचा असतो. मला त्यापेक्षा ओपन कॅमेरा हे मोफत, मुक्त स्रोत ॲप बरे वाटते. त्याच्या फोटो सेटिंगमध्ये स्टॅम्पचा पर्याय आहे. तारखेची मांडणी, अक्षरांचा आकार आणि रंग निवडता येतो आणि आपला एखादा मजकूरही घालता येतो. आमच्याकडे एकाच खाजनात अनेकांचे तुकडे असतात, त्यामुळे सर्व्हे नंबर मजकुरात घातला, तर पुढे कोणाचा फोटो कोणता, हा वाद उरत नाही.

तारखेची मांडणी ही दिसायला क्षुल्लक पण भांडणाला पुरेशी गोष्ट आहे. ०५/०६ म्हणजे आपल्या लेखी पाच जून. पण ॲपमध्ये अमेरिकी मांडणी राहिली असेल तर तो सहा मे ठरतो. पाच जूनला पाऊस दाराशी आलेला असतो, तर सहा मे रोजी काजूच्या भट्ट्या चालू असतात. अर्जाच्या दृष्टीने हा फरक लहान नाही. शक्य असेल तिथे महिना अक्षरांत लिहिणारी मांडणी निवडावी किंवा वर्ष आधी, मग महिना, मग दिवस अशी. वेळही चोवीस तासांच्या घड्याळात ठेवावी. रंगाच्या बाबतीत, पांढरी अक्षरे पावसाळी आभाळावर अजिबात दिसत नाहीत आणि काळी अक्षरे कुळागराच्या, म्हणजे माड-पोफळींच्या बागेच्या, सावलीत हरवतात. काळ्या कडेची पिवळी अक्षरे दोन्हीकडे वाचता येतात. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये काय उरते, हेही एकदा पाहून घ्यावे, कारण शेवटी फाइलला लागते ती झेरॉक्सच.

मूळ फोटोवर कायमची तारीख छापण्याला माझा आक्षेप असा, की छापलेली तारीख म्हणजे चित्राचेच ठिपके बदललेले असतात. तिच्याखाली जे होते ते परत मिळत नाही. शिवाय घड्याळ चुकलेले असेल तर चूकही कायमची छापली जाते, आणि ती दुरुस्त करायला गेलात तर फोटोत फेरफार केल्याचा ठपका येतो. म्हणून फोटो साध्या कॅमेऱ्याने, काहीही न छापता काढावा. घरी येऊन त्याची प्रत करावी. प्रतीवर मूळ टिपल्याची वेळ छापावी आणि कचेरीत ती प्रत द्यावी. मूळ फाइल हात न लावता वेगळी ठेवावी, शक्यतो दोन ठिकाणी. आबांच्या फोटोंचे आम्ही असेच केले, आणि अर्ज त्याच खिडकीवर स्वीकारला गेला. काही सरकारी योजनांमध्ये ठरावीक ॲपनेच फोटो काढावा लागतो, तिथे हा उपाय चालत नाही. तिथे त्याच ठिकाणाहून साध्या कॅमेऱ्यानेही एक फोटो टिपून ठेवावा.

खाजनाच्या बाबतीत तारखेपेक्षा वेळ अधिक बोलते, आणि हे किनारपट्टीपासून दूर राहणाऱ्यांना पटकन ध्यानात येत नाही. खाजन म्हणजे नदीच्या खारट पाण्यापासून बांध घालून वाचवलेली सखल जमीन. नदीतले पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. एका भरतीपासून दुसरी भरती साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी येते, त्यामुळे रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटे उशिरा होते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आमच्या किनाऱ्यावर पाण्याच्या चढ-उतारात दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. बांधातल्या मानसाची, म्हणजे पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या झडपेची, दारे भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला उघडून शेतातले पाणी बाहेर सोडतात. आता शेतात गुडघाभर पाणी असल्याचा एक फोटो डोळ्यांसमोर आणा. तो पूर्ण भरतीचा असेल, तर पाणी आत अडकणे काही वेळ स्वाभाविक आहे. तोच ओहोटीच्या तळाचा असेल, तर मानस निकामी झाली आहे किंवा बांधाला खांड पडली आहे. चित्र एकच, पण वेळ बदलली की अर्थ उलटा होतो. भारतीय सर्वेक्षण विभाग भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो आणि त्यांत मुरगाव बंदराच्या वेळा असतात. कुंभारजुव्याच्या खाडीपर्यंत पाणी पोहोचायला त्यापुढे आणखी वेळ लागतो, तो मानस सांभाळणाऱ्या तिथल्या मानशेकाराला तोंडपाठ असतो. फोटोची वेळ कोष्टकाशेजारी मांडली, की अर्जात जास्तीचे काही लिहावे लागत नाही.

अशा वेळी मी एकाच जागेवरून दोन फोटो सुचवतो, एक भरतीचा आणि एक ओहोटीचा, आणि दोन्हींत मानसाचा तोच दगडी खांब चौकटीच्या त्याच बाजूला ठेवायला सांगतो. खांबावरची शेवाळाची हिरवी रेघ पाण्याच्या किती वर किंवा खाली आहे, हे दोन्ही फोटो शेजारी ठेवले की लगेच कळते, आणि छापलेल्या वेळेला चित्रातलाच साक्षीदार मिळतो.

सावलीही असाच साक्षीदार आहे. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. गोवा चौऱ्याहत्तर अंशांच्या आसपास. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटे धरली, तर आपला सूर्य घड्याळापेक्षा सरासरी चौतीस-पस्तीस मिनिटे मागे चालतो आणि मध्यान्ह बाराला न होता साडेबाराच्या पुढेमागे होतो. शिवाय मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, म्हणून सावल्या दक्षिणेकडे पडतात. दुपारी साडेबाराचा शिक्का असलेल्या फोटोत माडाची लांबच लांब सावली पूर्वेकडे पसरलेली असेल, तर शिक्क्यावर विश्वास ठेवण्याआधी विचार करावा लागेल. पावसाळ्यात ऊन मिळेलच असे नाही, हे मान्य.

अक्षांश-रेखांशांच्या आकड्यांनी मात्र बिचकून किंवा भारावून जाऊ नये. ॲप दशांशचिन्हापुढे सहा आकडे छापतात. सहाव्या आकड्याची किंमत अकरा सेंटिमीटरच्या आसपास आहे, आणि मोबाइलचे जीपीएस मोकळ्या आकाशाखाली पाचएक मीटरपर्यंत अचूक असते; पोफळींच्या दाट कुळागरात त्याहून कमी. त्यामुळे दोन शेजाऱ्यांच्या हद्दीचा वाद असल्या आकड्यांवरून सोडवायला जाणे म्हणजे वाद वाढवणे होय. गाव आणि शेत ओळखायला ते पुरेसे आहेत, हद्दीचा दगड ओळखायला नाहीत.

काढलेला फोटो पुढे कसा पाठवला जातो, यावर बरेच अवलंबून असते. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला, की तो लहान होतो आणि त्यातली एक्झिफची माहिती गळून पडते. पलीकडच्या अँड्रॉइड मोबाइलवर त्याला जे नाव मिळते त्यात तारखेचे आठ आकडे असतात, पण ती तारीख फोटो त्या मोबाइलवर उतरल्याची असते, टिपल्याची नव्हे. माझ्या पाहण्यात नेमक्या याच आकड्यांवरून लोक हुज्जत घालतात. तोच फोटो दस्तऐवज म्हणून, म्हणजे डॉक्युमेंटच्या पर्यायातून पाठवला, तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. ईमेलला जोडला तरी सहसा तसेच. गावातल्या पंचाला किंवा वकिलाला फोटो देताना एवढी एक काळजी घेतली तरी अर्धे काम झाले. फोटोचा स्क्रीनशॉट पाठवणे हा तर सगळ्यांत वाईट मार्ग. त्यात मूळ वेळ जाते आणि स्क्रीनशॉटची वेळ चिकटते.

इथे साहजिकच एक शंका येते: आतली असो वा छापलेली, ही वेळ खोटी करता येत नाही का? येते, आणि अगदी सहज. मोबाइलची स्वयंचलित वेळ बंद करून घड्याळ मागे नेले, की बहुतेक कॅमेरा ॲप तीच वेळ मुकाट छापतात. आयफोनमधले तारीख बदलण्याचे बटण वर सांगितलेच. संगणकावर एक्झिफटूल नावाची मोफत प्रणाली हजारो फोटोंच्या वेळा एका आज्ञेत पुढे-मागे सरकवते, आणि ती प्रामाणिक कामासाठीच बनली आहे. दुबईच्या घड्याळातले ते माटोळीचे फोटो दुरुस्त करायला तिच्याइतके सोयीचे साधन नाही. पण जे दुरुस्त करता येते ते बिघडवताही येते.

यंत्रणांनी यावर वेगवेगळे उपाय योजलेले दिसतात. निवडणूक आयोगाच्या सीव्हिजिल या २०१८ साली आलेल्या ॲपमध्ये आचारसंहितेच्या भंगाची तक्रार करायची, तर फोटो ॲपमधूनच काढावा लागतो. गॅलरीतला जुना फोटो ते घेतच नाही. रोजगार हमीच्या कामांवर हजेरीसाठी १ जानेवारी २०२३ पासून देशभर सक्तीचे झालेले ॲपही वेळ आणि ठिकाण जोडलेले फोटो दिवसातून दोनदा मागते. तरीही जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना पत्र पाठवून गैरप्रकार कळवावे लागले, आणि त्यांतला एक प्रकार असा होता, की माणसांचा फोटो काढण्याऐवजी आधीच्या फोटोचाच फोटो काढला जात होता. शिक्का अस्सल, वेळ अचूक, ठिकाणही बरोबर. समोर माणूसच नाही. शिक्का फक्त बटण दाबल्याचा क्षण सांगतो, भिंगासमोर काय होते याची हमी तो देऊ शकत नाही.

न्यायालयात प्रकरण गेले, तर प्रश्न आणखी वेगळा होतो. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यातला खटला मुळात घड्याळाचाच होता: उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत दाखल झाला की नंतर? निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचे चित्रीकरण हा त्यातला कळीचा पुरावा होता. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये दिलेल्या निकालात सांगितले, की मूळ उपकरणच मालकाने साक्ष देऊन न्यायालयासमोर ठेवले तर गोष्ट वेगळी, एरवी प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र जोडलेच पाहिजे. तेव्हा लागू असलेल्या पुरावा कायद्यातले ते कलम ६५ब होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ त्याच्या जागी आले आहे. नव्या नमुन्यातले प्रमाणपत्र दोन भागांत आहे, एक पुरावा देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य नोंदवावे लागते. हॅश म्हणजे फाइलच्या आशयातून गणिताने काढलेली अक्षर-अंकांची ओळ. फोटोतला एक ठिपका बदलला तरी ती पूर्ण बदलते. मूळ फोटोवर काही छापू नये, या माझ्या आग्रहामागे हेही कारण आहे. मोबाइल मात्र विकून किंवा एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला, तर मूळ उपकरण दाखवण्याचा मार्गच बंद होतो. चालू वादातले फोटो ज्या मोबाइलवर आहेत, तो जुना झाला तरी कपाटात ठेवावा.

अलीकडे कॅमेरा स्वतःच फोटोवर डिजिटल सही करतो आणि नंतर झालेला फेरफार त्या सहीवरून उघड होतो, अशी सीटूपीए नावाची पद्धत येऊ घातली आहे. लायका कंपनीचा २०२३ मधला एक महागडा कॅमेरा त्यात पहिला होता. २०२५ च्या गूगल पिक्सेल १० मध्ये ती आली. आमच्या बाजारात दहा-बारा हजारांना मिळणाऱ्या मोबाइलपर्यंत ती केव्हा पोहोचते ते पाहायचे.

तोपर्यंत साध्या गोष्टी कराव्यात. स्वयंचलित तारीख-वेळ चालू ठेवावी. कॅमेऱ्याला ठिकाणाची परवानगी फोटो काढण्यापुरतीच द्यावी. घरच्या लहान मुलांचे, अंगणाचे, गाडीचे फोटो सार्वजनिक ठिकाणी टाकताना पत्ता आणि अक्षांश छापलेली पट्टी त्यांवर नाही ना, हे पाहावे. नुकसानभरपाईसाठी चालू केलेला पर्याय महिनोन् महिने तसाच राहतो आणि मग वाढदिवसाच्या फोटोखालीही घराचा पूर्ण पत्ता झळकतो. आमच्या माशेलला आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकी-कृष्णाच्या मैदानावर चिखलकालो, म्हणजे चिखलात खेळण्याचा उत्सव, होतो. त्याचे सुंदर फोटो दर वर्षी पाहायला मिळतात, आणि त्यांतल्या कितीतरी फोटोंत चिखलाने माखलेल्या पोरांच्या पायांवरून नकाशाचा चौकोन आणि पिनकोड गेलेला असतो. तिथे तो पर्याय बंद ठेवायला हरकत नसावी.

नव्वदच्या दशकातल्या रोलच्या कॅमेऱ्यांतही तारीख छापण्याची सोय असे. पाठीमागच्या झाकणातले छोटे घड्याळ फिल्मवरच नारिंगी आकडे उमटवी, कोपऱ्यात, वर्षाचे शेवटचे दोन अंक आणि महिना-दिवस. आमच्या घरातल्या अल्बममध्ये असे फोटो आहेत आणि सेल बदलल्यावर घड्याळ न लावल्यामुळे काहींवर भलतेच वर्ष आहे. पण तिथे काकूने फोटोच्या मागे बॉलपेनने प्रसंग, वर्ष आणि कोण कोण आहे ते लिहून ठेवले आहे, त्यामुळे आकडे चुकले तरी अडत नाही. मोबाइलच्या फोटोलाही वर्णनाचा रकाना असतो. गूगल फोटोज आणि आयफोन या दोन्हींत फोटो वर सरकवला की तो सापडतो. त्यात "आबांचे खाजन, मानसाच्या दक्षिणेकडची खांड, ओहोटीची वेळ, सोबत नातू" एवढे त्याच दिवशी लिहायला अर्धा मिनिटही लागत नाही.